कोंडलेला महादेव

अर्धा श्रावण सरला, तरी विहिरीचा तळ दिसत होता. गेलं साल असंच गेलं. नक्षत्रांनी आपला शब्द मोडला होता. जनकाबाईनं नेम मोडला नव्हता. पिंडीवर तांब्याभर पाणी घातल्याशिवाय ती तोंडात घास घालत नसे.

मेहकरकडच्या त्या गावात पाऊस अडला की महादेव कोंडत. पाणी बाहेर जायचं गोमुख चिखल-चिंध्यांनी बुजवायचं आणि पिंडी बुडेपर्यंत गाभारा भरायचा. देव गुदमरला की आभाळ सोडतो म्हणे. गोमुख बुजवायचा मान जनकाबाईच्या घराचा. यंदाही तिनंच बुजवलं.

घरोघरच्या घागरी रिकाम्या झाल्या, तरी पिंडीचा माथा उघडाच. जनकाबाईच्या घरी एक घागर उरली होती, ती नुकत्याच व्यालेल्या कपिलेसाठी. गाव चालवणारे उत्तमराव दारात येऊन हसत म्हणाले, "काकू, तुमच्या घागरीपायी देव बोडखा राह्यला."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. जनकाबाईनं घागर नेऊन ओतली. माथा बुडाला, घंटा वाजली. आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख ते लख्खच.

सकाळी ती रिकामा तांब्या घेऊन देवळात गेली. आत पाणी तुडुंब, त्यात बेलाची पानं कुजत होती. देवळामागं कपिला दावं तोडून आली होती आणि गोमुखाचा ओला चिखल चाटत होती.

जनकाबाई वळसा घालून मागं गेली. मग पिंडी होती तिकडं तोंड करून हळूच म्हणाली, "तुले कोंडलं, अन् तहान हिले लागली. हा कोनता न्याय?"

तिनं चिंध्या उपसल्या. पाणी भळभळलं. कपिलेनं तोंड घातलं, मागून आणखी गुरं आली.

उत्तमराव धावत आले. "काकू, हे काय करून राह्यल्या? आता पाऊस नाई आला तं?"

"माह्या नावावर टाका. मागल्या साली कोंडूनही नाई आला, तो कोनाच्या नावावर टाकला होता?"

वाहत्या पाण्यानंच तांब्या भरून तिनं पिंडीवर घातला, हात जोडले आणि घरी येऊन भाकरी वाढून घेतली. नेम झाला होता, पण घास उतरेना. खरंच नाही आला तर?

ताट तसंच ठेवून ती अंगणात आली, आभाळाकडं पाहिलं. ढगाचा ठिपका नव्हता. तिला आभाळाचा राग आला, आणि आपण वर पाहिलं याचा त्याहून जास्त.