दाटीवाटीने बसायचा बाक

मित्रांनो, माझ्यावर आतल्या कोपऱ्यात बसलेल्या माणसाला एकट्याने उठता येत नाही. शेजारच्यांनी सरकून वाट दिली, तरच त्याची सुटका होते. बरेच जण याला माझा दोष म्हणतात. म्हणोत बापडे. मी एक जुना लाकडी बाक आहे. जर्मनीत, ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरातल्या एका घरात, स्वयंपाकघराच्या दोन भिंतींना पाठ लावून मी बसलो आहे. माझ्यापुढे एक जड टेबल आहे आणि पाठीमागे खिडकी.

गावातल्याच एका सुताराने मला पाइनच्या लाकडातून घडवलं. घरमालकीण फ्राऊ केलर, म्हणजे केलरबाई, तेव्हा लहान होत्या. त्यांचं सगळं घर माझ्यावर जेवलं, भांडलं, अभ्यासाला बसलं. पुढे मुलं शहरांत पांगली. फ्राऊ केलर वरच्या मजल्यावर राहायला गेल्या आणि खालचं घर सुट्टीसाठी येणाऱ्यांना भाड्याने देऊ लागल्या. सुरुवातीचे पाहुणे माझ्यावरून हात फिरवून माझं कौतुक करायचे. मीही जरा फुशारून जायचो.

मग दिवस पालटले. आता लोक फोनवर घर निवडतात. सौना, म्हणजे घाम काढायची गरम खोली, आहे का, टबात बुडबुडे येतात का, टीव्ही भिंतभर आहे का, हे आधी बघतात. माझं फोटोत जेमतेम एक टोक दिसतं आणि तेही जुनाट दिसतं. कित्येक पाहुणे तर आपापली ताटली घेऊन सोफ्यावर जाऊन बसतात आणि माझ्यावर कोट टाकतात. वाईट वाटतं, पण सांगणार कोणाला?

अशातच गेल्या उन्हाळ्यात एक मराठी कुटुंब आलं. सत्यजित हा जर्मनीतल्याच त्सुफेनहाउझेनला राहणारा इंजिनिअर. त्याची बायको ऊर्मिला, मुलगी स्वराली आणि सांगलीहून आलेले त्याचे आईवडील, वसुधाबाई आणि आत्मारामपंत. सत्यजितचा चेहरा पडलेला होता. आईबाबांनी जन्मात पाहिलं नसेल असं पंचतारांकित हॉटेल त्याने हौसेने ठरवलं होतं. पण दोन दिवसांतच आईबाबा कंटाळले, आणि ते सोडून त्याला इथे यावं लागलं.

चहा पिताना तो म्हणाला, "बाबा, तिथे सगळं होतं हो. पूल होता, सौना होता."

"होता ना," आत्मारामपंत म्हणाले. "मी पंचा गुंडाळून गेलो की तुझ्या त्या सौनात. आतली मंडळी जन्माला आली तशीच बसलेली. सॉरी सॉरी म्हणत उलट्या पावली परत आलो, तो पुन्हा खोलीबाहेर पडलो नाही."

ऊर्मिलाला हसू आवरेना. सत्यजितने कपाळाला हात लावला. "इथे तसंच असतं बाबा. तुम्हाला सांगायचंच राहिलं."

वसुधाबाई मात्र हसल्या नाहीत. "अरे, गाद्या मऊ होत्या, नाही म्हणत नाही. पण आमची खोली एका मजल्यावर, तुमची भलत्याच. पोर दिसायची ती जेवताना, तीही टेबलाच्या त्या टोकाला. चार दिवसांनी आमचं विमान आहे. तिच्या तोंडून मराठीत दोन शब्द ऐकावेत एवढ्यासाठी मी आले होते."

"तिला कळतं सगळं, आई. बोलायला लाजते," ऊर्मिला म्हणाली. स्वराली आठ वर्षांची होती. ती सगळ्यांना जर्मनमध्ये उत्तर द्यायची आणि मग आई नाहीतर बाबा आजीला त्याचा अर्थ सांगायचे. आत्ताही तिने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यजित आणि ऊर्मिला पाव आणायला बेकरीत गेले. स्वराली माझ्या आतल्या कोपऱ्यात बसली होती. तिच्या एका बाजूला आजी आणि दुसऱ्या बाजूला आजोबा. तेवढ्यात खिडकीबाहेर फ्राऊ केलरांचं मांजर आलं.

"इश विल राउस," स्वराली म्हणाली. तिला बाहेर जायचं होतं. अर्थ सांगायला घरात कोणी नव्हतं. टेबलाखालून निसटावं, तर आजोबांनी दुखरा गुडघा तिथेच लांब करून ठेवला होता. तिने हाताने खूण केली. आत्मारामपंतांना ती कळली हे मी शपथेवर सांगतो, कारण त्यांचं वजन माझ्यावर किंचित हललं होतं. पण ते पुन्हा रेलून बसले आणि शांतपणे चहा पिऊ लागले.

स्वरालीने एकदा मांजराकडे पाहिलं, एकदा आजोबांकडे. मग अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "आजोबा, सरका."

"सरकतो की. कुठल्या बाजूला?"

"तिकडे."

"आणि कशाला गं सरकू?"

ती थांबली. शब्द जुळवताना तिचे ओठ हलत होते. "मला मांजर बघायचा आहे. मांजर जाईल ना आता."

वसुधाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. चूक त्यांनी सुधारली नाही. "अहो, सरका ना आता, किती छळाल पोरीला," एवढंच त्या म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की सुताराने मला असंच अडचणीचं बनवलं याबद्दल मी मनोमन त्याचे आभार मानले.

सत्यजित पावाची पिशवी घेऊन परतला, तेव्हा बाहेर अंगणात स्वराली आजीला मांजराविषयी काहीतरी सांगत होती. मोडकंतोडकं होतं, पण मराठीत होतं. तो दारातच उभा राहिला.

मित्रांनो, मी सुखसोयींना नावं ठेवत नाही. माझी फळी कडक आहे. आत्मारामपंतांना खाली उशी घ्यावी लागली. आईवडिलांसाठी चांगली गादी आणि गरम पाणी पाहावंच. पण हॉटेलचे तारे मोजून झाले की एक गोष्ट आणखी विचारा. आपण सगळे मिळून बसणार कुठे?

निघायच्या सकाळी बॅगा गाडीत गेल्या. "चला बाबा, विमानतळ लांब आहे," सत्यजित म्हणाला. आत्मारामपंत टेबलाला हात टेकून उठू लागले. तोच स्वरालीने त्यांची बाही धरली.

"आजोबा, इतक्यात उठू नका."

ते खाली बसले. वसुधाबाई बसल्याच होत्या. ऊर्मिलाही शेजारी येऊन टेकली. सत्यजितने घड्याळात पाहिलं, गाडीची किल्ली खिशात टाकली आणि तो स्वतःला कसाबसा माझ्या कडेला कोंबून बसला. सगळ्यांचा भार एकदम पडला आणि माझा डावा पाय करकरून सैल झाला.

तो अजून तसाच आहे. कधी या घरात सुट्टीला आलात, तर तेवढा घट्ट करून द्या. अजून खूप जणांना माझ्यावर दाटीवाटीने बसायचं आहे.