गेलाच समज

मी पटर बोलतोय. गोल्फच्या पिशवीतली सगळ्यात आखूड काठी. चेंडू लांबवर उडवणाऱ्या काठ्या वेगळ्या. त्यांच्यामागे लोक 'वा, वा' करत उभे असतात. चेंडू झेंड्याजवळच्या हिरवळीवर येऊन थांबला, की मग मला बाहेर काढतात. तिथून तो हळूच होलमध्ये ढकलायचा, एवढंच माझं काम. ते सगळ्यांना सोपं वाटतं आणि सगळ्यांचे हात तिथेच कापतात.

मोठ्या माणसांनी यावर एक सोय काढली आहे. चेंडू होलच्या अगदी जवळ असला, की समोरचा खेळाडू म्हणतो, "गेलाच समज!" मग चेंडू न ढकलताच उचलून खिशात घालायचा. जवळ म्हणजे किती, ते ठरवायला मला हिरवळीवर आडवा टाकतात. माझं डोकं होलमध्ये, आणि चेंडू माझ्या चामड्याच्या मुठीच्या अलीकडे असला की झालं. जन्म झाला ढकलण्यासाठी आणि तारुण्य गेलं मोजपट्टी म्हणून.

माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर होता. मोजताना तो मला बुटाने हळूच सरकवायचा. एकदा त्याच्यावर खरंच ढकलायची वेळ आली. तो चुकला आणि त्याने मला तळ्यात फेकून दिलं. चूक माझी होती म्हणे! तळं उपसणाऱ्यांनी मला काढलं आणि क्लबच्या दुकानाबाहेरच्या पिंपात इतर टाकाऊ काठ्यांबरोबर खोचलं. तिथून मला वेल्डा टॅकेटने उचललं.

वेल्डा तेव्हा नुकतीच आमच्या ओक्लाहोमातल्या एका छोट्या कॉलेजात मुलींची गोल्फ कोच झाली होती. कॉलेजला गोल्फचा उमाळा आला होता, असं नाही. कॉलेजचा सगळा जीव फुटबॉलमध्ये, म्हणजे हेल्मेट घालून धडका मारायच्या अमेरिकन खेळात. पण पोरांसारखे खेळ पोरींनाही द्या, असा कायदा होता, आणि गोल्फला मैदान बांधावं लागत नाही, ते गावात आयतंच असतं. वेल्डाला ऑफिस म्हणून जी खोली मिळाली, तिच्यात फुटबॉलची जुनी हेल्मेटं रचलेली होती. ती हलवायची नाहीत, अशी ताकीद होती. मग हेल्मेटांच्या शेजारी खुर्ची टाकून वेल्डा बसली, ती केस पांढरे होईपर्यंत.

कोच म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे शिट्टी फुंकणारा रुबाबदार माणूस येत असेल. आमची कोच व्हॅन चालवायची, पीनट बटरची सँडविचं बांधायची आणि मोटेलच्या खिडकीत पोरींचे मोजे वाळत घालायची. क्लबातले म्हातारे येताजाता तिलाच खेळ शिकवायचे.

"वेल्डा, पोरी, कोपर जरा आत घे!"

"असं का, अर्ल?" ती म्हणायची, कोपर होतं तिथेच ठेवायची आणि अर्लच्या चेंडूच्या कितीतरी पुढे आपला चेंडू टाकायची. अर्ल म्हणायचा, "बघ, सांगितल्याचा फायदा झाला ना?"

तिच्या पोरींना मात्र 'गेलाच समज' बंद होतं. कॉलेजच्या स्पर्धांत कुणी कुणाला सोडत नाही, शेवटची बोटभर जागाही ढकलूनच पार करावी लागते. म्हणून सरावाला ती होलभोवती चेंडूंचं रिंगण मांडायची. सगळे ओळीने आत घालायचे. एक चुकला, की पुन्हा पहिल्यापासून. वर आमच्याकडचा वारा, थांबलेला चेंडूही हलवणारा.

"कोच, हा तर माझी आजी नाकानं ढकलेल!" ट्वायला म्हणायची. ती गहू पिकवणाऱ्यांची पोर. जीभ चुरूचुरू, पण रिंगणात नेहमी शेवटी उरायची.

"मग आजीला बोलाव. ती येईपर्यंत तू ढकल."

एका वसंतात मोठ्या स्पर्धेत आमच्या पोरी ढालीपर्यंत पोचल्या. शेवटच्या होलला ट्वायलाचा चेंडू वीतभर अंतरावर होता. तो काठावरून फिरून बाहेर आला आणि ढाल एका फटक्याने गेली. परतताना व्हॅनमध्ये ती रडत होती.

"एवढासा तर होता, कोच. कुणीच कसं सोडत नाही?"

"कुणालाच सोडत नाहीत, बाळा," वेल्डा म्हणाली. "म्हणून तर हा खेळ तुला जसा, तसाच एखाद्या देशाच्या राणीलाही."

मग कॉलेजात रॉइस हिंकल नावाचा नवा क्रीडाप्रमुख आला. त्याचे दात फार पांढरे होते आणि तो ते सगळ्यांना दाखवायचा. शरद ऋतूत त्याने देणगीदारांसाठी गोल्फचा दिवस ठेवला. सर्वांत मोठे पाहुणे ट्रॅक्टरविक्रेते बडी ड्रमंड. त्यांचा सामना वेल्डाशी लावला. आमच्या पोरींना काय काम? लिंबू सरबताचे ट्रे धरायचे.

रॉइसने सकाळीच वेल्डाला बाजूला घेतलं. "तुझा संघ पुढच्या वर्षी चालवायचा की बंद करायचा, ते आज बडीसाहेबांच्या मूडवर आहे. खेळ, हस, आणि त्यांना जिंकू दे."

वेल्डा दिवसभर हसली. बिचारीचे गाल दुखले असतील. बडीसाहेबांनी झाडावर मारलेल्या चेंडूलाही तिने "काय नेम आहे!" म्हटलं. मी पिशवीत मान खाली घातली.

शेवटच्या होलला दोघं बरोबरीत आले. वेल्डाने आपला चेंडू आत घातला. बडीसाहेबांचा वीतभर अंतरावर थांबला. आत गेला तर बरोबरी, आणि पाहुण्यांचा मान राहिला. ते चेंडू उचलायला वाकलेसुद्धा आणि वेल्डाकडे पाहू लागले. समोर रॉइस दात काढून उभा. त्याच्या मागे ट्रे घेतलेली ट्वायला. ती चेंडूकडे बघत नव्हती. कोचच्या तोंडाकडे बघत होती.

मी मनात ओरडलो, अगं बाई, म्हणून टाक! संघ वाचेल!

वेल्डा म्हणाली, "ढकला, बडी."

बडीसाहेब हसले. मग कुणीच हसत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी आपला पटर धरला, पण इतक्या जवळून तो त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही वापरला नव्हता. चेंडू होलच्या बाजूने निघून गेला. ट्रेवरचे ग्लास किणकिणले.

"दोन शब्द, वेल्डा," रॉइस नंतर दातांमागून म्हणाला. "फक्त दोन शब्द म्हणायचे होते!"

बडीसाहेबांनी देणगी दिलीच. फुटबॉलच्या मैदानावर घराएवढा गुणफलक उभा राहिला आणि मुलींचा गोल्फ संघ 'खेदाने' बंद झाला. बंद करायला मात्र मोठा समारंभ केला. भाजलेलं गोमांस होतं, पीचचं गोड होतं, भाषणं होती. रॉइसने माइकवर सांगितलं, "आपल्या लाडक्या कोच आपला पटर कॉलेजला भेट देत आहेत!" तिला कुणी विचारलं नव्हतं. पण टाळ्या पडल्या होत्या. ज्या बाईने कधी कुणाला वीतभर सोडलं नाही, तिने मला सोडलं. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आता मी काचेच्या कपाटात आहे, फुटबॉलच्या ढालींच्या खाली. पाटीवर 'महिला खेळांची अभिमानास्पद परंपरा' असं लिहिलंय. सजावटीसाठी खोटी हिरवळ अंथरली आहे, तिला एक होल पाडलाय आणि होलपासून वीतभर अंतरावर एक चेंडू चिकटवलाय. पाहुणे येतात, बघतात आणि म्हणतात, "गेलाच समज!"

परवा वेल्डा आली होती. बाहेर तिची जुनी गाडी सुरूच होती आणि आत पोरी दाटीने बसल्या होत्या. शनिवारी ती त्यांना गावाबाहेरच्या फुकट्या मैदानावर घेऊन जाते. तिथल्या हिरवळीवर गाई चरून जातात. ट्वायलाने खिडकीतून हाक मारली, "कोच, चला ना, वारा वाढतोय! रिंगण मांडायचंय!"

वेल्डाने काचेवर बोट टेकवलं. "अजून बाहेरच आहे," ती म्हणाली आणि गेली.

वाचकहो, कपाटाची किल्ली रॉइसकडे असते. कुणीतरी मागून आणा. तो चेंडू सोडवा आणि मला हातात घ्या. चुकलात तरी चालेल, मला परत तळ्यात फेका. पण ढकला.

चेंडू अजून आत गेलेला नाही.