बनासच्या अलीकडे

श्रीधर खिरोडकर दूर उत्तरेतल्या दुर्गापुऱ्याच्या शेती संशोधन केंद्रात जवाच्या वाणांवर काम करायचे. दर उन्हाळ्यात ते आणि कुसुमबाई आपल्या फियाटने खामगावला, कुसुमबाईंच्या थोरल्या बहिणीकडे जायचे. मूलबाळ नव्हतं, घाईही नव्हती. अंधार पडला की एखाद्या ढाब्याशेजारी गाडी लावायची आणि गाडीतच झोपायचं. मागच्या सीटपुढची खोलगट जागा भरून निघेल अशी एक फळी श्रीधररावांनी सुताराकडून करून घेतली होती. तिच्यावर गादी, गादीवर रजई, काचांना बगरू गावच्या छापाच्या कापडाचे पडदे. कुसुमबाई मागे ऐसपैस झोपायच्या, श्रीधरराव पुढच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन. "लॉजच्या चादरींपेक्षा हे बरं," असं त्या म्हणायच्या.

१९८६च्या जानेवारीत डॉक्टरांनी श्रीधररावांना बाजूला घेऊन सांगितलं, की कुसुमबाईंचा आजार यकृतापर्यंत गेला आहे, आता फक्त वेदना कमी ठेवायच्या. त्यांनी घरी येऊन ते बायकोला सांगितलं.

"अक्काला यातलं काही कळवू नका," कुसुमबाई म्हणाल्या. "ती रडत येईल. मीच जाते, दरवर्षी जाते तशी."

"उन्हाळ्यात?"

"उन्हाळा कोणी पाहिलाय? आता जाऊ."

रेल्वे नको म्हणाल्या. डब्यातली माणसं टक लावून बघत बसतात. गाडीत पडदे ओढले की आपण आपले.

फेब्रुवारी लागताच ते निघाले. टोंकजवळ बनास ओलांडताना कुसुमबाई उशीला टेकून नदीतली कोरडी वाळू बघत होत्या. मुक्काम कोट्याच्या बाहेर पडला आणि तिथे त्यांना कळा सुरू झाल्या. श्रीधरराव पुढच्या सीटवरून मागे हात टाकून त्यांचा हात धरून राहिले. सकाळी त्याच म्हणाल्या, "चला."

झालावाडच्या पुढे दुपारी पुन्हा कळ आली. एका ढाब्याजवळ लिंबाखाली गाडी थांबवून श्रीधररावांनी डॉक्टरांनी दिलेली गुंगीची गोळी त्यांना दिली. त्या झोपल्या. ओठ सुकलेले आणि श्वास इतका हलका, की श्रीधरराव पुन्हा पुन्हा वाकून बघत होते. अजून निम्म्याहून जास्त वाट बाकी होती. सगळा अनोळखी मुलूख. इथेच काही झालं तर कोणाला हाक मारायची? ढाबेवाला चहा घेऊन आला, त्याने काचेतून आत पाहिलं. "बाबूजी, माँजी को घर ले जाओ," तो हळूच म्हणाला.

चहा तसाच ठेवून श्रीधररावांनी गाडी वळवली. बायकोला उठवलं नाही.

संध्याकाळी कुसुमबाईंना अर्धवट जाग आली. "कुठवर आलो?"

"जातोय," श्रीधरराव म्हणाले, आणि त्यांना दुसरी गोळी दिली.

रात्री कोट्याजवळ काही तास थांबून ते अंधारातच पुन्हा निघाले. उजाडता उजाडता पूल लागला, चाकांचा आवाज बदलला, आणि मागे पडदा सरकला.

"ही बनास ना?"

श्रीधररावांनी आरशात पाहिलं.

"परवा ओलांडली होती आपण."

"कुसुम, तुझी अवस्था अशी..."

"हळू चालवा. पाठीला हादरे बसतायत," त्या म्हणाल्या आणि पडदा पुन्हा ओढून घेतला.

घरी आल्यावरही औषध, पाणी, चादर, एवढंच बोलणं. एका दुपारी श्रीधरराव कुसुमबाईंचे पाय चेपत बसले होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "मला उठवायचं होतं."

"तू नाही म्हणाली असतीस."

"नसते म्हणाले. माझं मला कळत नव्हतं का? मीच सांगितलं असतं, वळवा म्हणून. पण विचारायचं तरी. मी झोपले होते, मेले नव्हते."

श्रीधररावांचा हात पायावर तसाच राहिला. त्यांनी विचारलं, "अक्कांना बोलावू?"

कुसुमबाई भिंतीकडे वळल्या. "बोलवा."

ट्रंक कॉल लावला. अक्का खामगावहून अकोल्याला आणि तिथून मीटरगेजच्या गाडीने एकट्याच आल्या. सोबत ज्वारीचं पीठ आणि ठेच्याची बरणी. बहिणीला बघून दारातच थबकल्या. "काय झालीस व माय तू," एवढंच म्हणाल्या. ठेचा खाण्यापलीकडे गोष्ट गेली होती. अक्कांनी पिठाची पातळ आंबील केली आणि चमच्याने भरवायला बसल्या.

"मी तुझी खोली आवरून ठेवली होती," भरवता भरवता त्या म्हणाल्या. "निम्म्या वाटेवरून कसे परत फिरलात?" हे विचारताना त्यांनी श्रीधररावांकडे पाहिलं. श्रीधरराव बोलणारच होते.

"मीच म्हटलं वळवा," कुसुमबाई म्हणाल्या. "हे ऐकतच नव्हते." आणि चमच्यासाठी तोंड उघडलं.

होळीच्या आधी त्या गेल्या. तेराव्याला खामगावची चार माणसं आली. अक्का त्यांना सांगत होत्या, कुसुमला आपल्या घरीच जायचं होतं, तिनेच हट्टाने गाडी वळवायला लावली.

"बरं केलंत श्रीधरराव," एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. "तिच्या मनासारखं झालं."

श्रीधरराव हातातलं वरणाचं भांडं घेऊन आत गेले आणि मोरीत नळ सोडून उभे राहिले. बाहेरून अक्कांनी हाक मारली. पंगतीला वरण हवं होतं.

"आलो," ते म्हणाले. पण त्यांना जाववेना.