गिअरच्या दांड्याला नवी मूठ

आमची गाडी जुनी आहे, पण तिला कुणी खटारा म्हटलं की माझं डोकं फिरतं. इंजिन अजून ठणठणीत आहे. दोष होता तो गिअरच्या दांड्यात. हातभर लांब, आणि त्याला बुडाशी घट्ट धरणारे बुश झिजल्यामुळे इतका ढिला, की न्यूट्रलमध्येसुद्धा चारी दिशांना डुलायचा. वर प्लास्टिकचा गुळगुळीत नॉब. तरी दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी त्याच दांड्यावर गावभर फिरत होते. मी पडदे शिवते. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, कापडाचे गठ्ठे आणायचे, शिवलेले पडदे नेऊन लावायचे, सगळं माझं मी करायची.

मग कापड कापायच्या मशीनवर माझ्या डाव्या हाताची मधली दोन बोटं निम्मी गेली. जखम भरली, शिवणकाम उजव्या हातावर निभावलं. पण गिअर डाव्या हाताला. दांडा मागे ओढून दुसरा टाकायला गेलं की नॉब हातातून निसटायचा. एकदा भर चौकात निसटला, गाडी बंद पडली आणि मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. मी खाली उतरले आणि किल्ली शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या हातात दिली. तेव्हापासून आमचे हे मला जिथेतिथे सोडायला आणि आणायला. माणूस एवढा चांगला की तक्रारीला जागा नाही, आणि याचाच मला राग यायचा. गाडीतल्या गठ्ठ्यांत मी आणखी एक गठ्ठा झाले होते.

अशात एका नव्या वसतिगृहाचं काम चालून आलं. एकशे चार खिडक्या. दहा-बारा दिवसांनी येणाऱ्या सोमवारपासून दोन आठवडे रोज मापं घ्यायला, पडदे लावायला जायचं. आणि त्याच सोमवारपासून यांना दुसऱ्या गावी जिन्याचं काम, कारण हे सुतार आहेत. म्हणजे मी गाडी चालवायची, नाहीतर काम सोडायचं. मी आधी काम घेतलं आणि मग घरी सांगितलं. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांनी माना ताटात घातल्या.

मान वर ठेवली ती एकट्या माझ्या धाकट्या नणंदेनं. ती गाड्या दुरुस्त करते आणि माणसांनाही त्याच आवाजात बोलते.

"वहिनी, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. तो दांडा बदलायला हवा."

दोन वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. हाताचे व्यायाम सांगणारे ढीगभर भेटले होते. मी तिला तिथल्या तिथे मिठी मारणार होते, पण तिच्या हातात वाटी होती. तिनं सगळं समजावलं. आखूड दांडा बसवायचा, बुश नवे घालायचे, म्हणजे हाताची हालचाल निम्म्यावर येते. मात्र दांडा आखूड झाला की गिअर जरा जड पडतो, म्हणून वरची मूठ वजनदार आणि हातात घट्ट बसणारी हवी. बाजारातल्या मुठी गोल आणि निसरड्या असतात, असंही ती म्हणाली. मूठ मी करतो, हे म्हणाले, आणि जेवण अर्धं टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी यांनी काचा बसवायच्या पुट्टीचा गोळा माझ्यासमोर ठेवला. गिअर धरतेस तसा दाब, म्हणाले. मी दाबला. बोटांचे खळगे अगदी स्वच्छ उठले. तो गोळा हे आपल्या कारखान्यात असे घेऊन गेले, जणू अंडंच नेत होते.

पुढचे आठ दिवस माझं लक्ष कशातच लागेना. जुन्या मेजाच्या पायाचं कडक लाकूड यांनी निवडलं, आत पोखरून वजनाला शिसं भरलं, खाली दांड्यावर फिरवायला पितळी आटे बसवले. मी काही ना काही निमित्त काढून डोकावायची आणि हे मला हाकलायचे. एका पडद्याला मी दोन्हीकडून काठ शिवला, इतकी मी हवेत होते.

शनिवारी सकाळी नणंद गाडीखाली घुसली. गंजलेल्या बोल्टांना तिनं जे काही ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. दुपारी नवा दांडा उभा राहिला, जेमतेम वीतभर. यांनी मूठ फिरवून बसवली. नणंदेनं दारातून आत वाकून उजव्या हातानं गिअर टाकून पाहिले. खट्, खट्, खट्. मस्त बसतेय हातात, ती म्हणाली. मी तिला अक्षरशः ढकलून गाडीत बसले.

मुठीवर डावा हात ठेवला आणि काही जमेना. अंगठ्याच्या खोबणीत करंगळी जात होती आणि चार बोटांच्या जागी अंगठा एकटाच लोळत होता. मी हात फिरवून पाहिला, मनगट वाकवून पाहिलं. मग उजवा हात ठेवला. तो चपखल बसला.

नणंद हसत सुटली आणि यांचा चेहरा बघून थांबली.

मी पुट्टी उजव्या हातानं दाबली होती. कुणी हात मागितला की मी उजवाच पुढे करते; डावा एप्रनच्या खिशात असतो, जेवतानाही. माझं तर ठीक आहे. पण दाराच्या चौकटीतला केसभर फरक लांबून ओळखणारा हा माणूस आठ दिवस चार धडधाकट बोटांच्या खोबणी घासत बसला होता.

"तुमच्या लक्षात कसं नाही आलं?" मी चिडूनच विचारलं.

यांनी आत वाकून मूठ दांड्यावरून फिरवून काढली.

"तू तो हात लपवतेस," हे म्हणाले. "मग मीही बघायचं सोडून दिलं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी गाडीतून उतरले आणि डावा हात यांच्यापुढे धरला. यांनी तो दोन्ही हातांत घेतला. दोन वर्षांत पहिल्यांदा. अर्ध्या बोटांच्या टोकांवरून अंगठा हळूच फिरवला आणि दुखतं का विचारलं. थंडीत जरासं, मी म्हटलं. पुट्टी पुन्हा आणू का, असं नणंदेनं विचारलं तर हे म्हणाले, नको, हातच पुरे.

रविवारचा सगळा दिवस मी कारखान्यात स्टुलावर बसून होते. त्याच मेजाच्या दुसऱ्या पायाच्या तुकड्यावर हे दोन वेळा पटाशी चालवायचे, लाकूड माझ्या मुठीत द्यायचे, पुन्हा काढून घ्यायचे. तुटक्या बोटांसाठी दोन उथळ खळगे झाले. दांडा मागे ओढताना करंगळी अडकायला एक छोटी कड झाली. मधेमधे आम्ही मशीनबद्दल बोललो, त्या दिवसाबद्दल, चौकातल्या हॉर्नबद्दल. बोलता बोलता मला रडू आलं, आणि हे लाकडाचा भुसा झटकत बसले, कारण यांनाही आलं होतं.

संध्याकाळी गाडी काढली. हे शेजारी बसले, एक हात दारावर घट्ट. पहिला टाकला. मग मागे ओढून दुसरा. खट्. करंगळी कडेला अडकली आणि मूठ जागची हलली नाही. तिसरा, परत दुसरा, चौथा. उगाचच गिअर बदलायला मिळावा म्हणून त्या चौकाला मी पाच फेऱ्या मारल्या. पाचवीला यांनी दारावरचा हात काढला. हसून हसून माझे गाल दुखायला लागले होते.

घराशी आल्यावर मी इंजिन बंद केलं नाही.

"तुम्ही उतरा. मला एकटीला जायचंय."

हे उतरले. दार लावायच्या आधी वाकून यांनी मुठीवरच्या माझ्या हाताकडे पाहिलं. मी तो काढून घेतला नाही. यांनी मन भरेपर्यंत पाहिलं आणि मग दार लावलं.