आत्याच्या दाढा

अळूच्या कंदाचा एक चिवट धागा.

गुलाबी पट्टी. पुढे सहा दात, मागे सगळं कानशीने घासून सपाट.

समुद्राच्या पाण्यात भिजवून, उन्हात वाळवून पांढरी केलेली केवड्याची पाती. चार जुड्या.

शुक्रवार.

मेलेनाइतेच्या टेबलावर हे सगळं एकदमच येऊन पडलं (शुक्रवार सोडून, तो दोन दिवसांवर होता), आणि लावेनिया आत्या खुर्चीत बसली. टोंगातल्या वावाउ बेटावर कवळ्या करणारी मेलेनाइते एकटीच, म्हणून सुटका नव्हती.

"पुन्हा तुटली," आत्या म्हणाली. वरची कवळी मधोमध चिरली होती. तिसऱ्यांदा.

"आत्या, दाढा कुठायत?"

"घासून टाकल्या. हा बघ, हा धागा अडकत होता. मला सूप चालतं गं. पुढचे तेवढे दे, पातीचं टोक धरायला. चटईचा काठ राहिलाय. शुक्रवारी लग्नात नातीच्या कमरेला रीतीची चटई बिनकाठाची गुंडाळू?"

मेलेनाइतेने कपाळावर हात मारला. "पुढचे दात कापायला असतात, आत्या. सुळे फाडायला. उपदाढा चुरायला, दाढा दळायला. आणि कवळीतल्या दाढा मागून टेकू देतात! तुम्ही पुढे पात ओढता, मागे टेकायला काही नाही, कवळी उलटते आणि कडाक!"

"झाली शाळा? बसव सहा."

दुसरं कुणी असतं तर तिने दार दाखवलं असतं. पण ही बापाची बहीण. तिने मागितलं आणि भावाच्या पोरांनी नाही म्हटलं, असं टोंगात होत नाही. आत्याने आजवर दोन डुकरं, शिवणयंत्र आणि मेलेनाइतेच्या थोरल्या लेकीचं नाव ठेवायचा हक्कसुद्धा मागून घेतला होता.

तिने कवळीची गुलाबी पूड कालवायला घेतली, आणि तशीच ठेवली. "आत्या, सहा बसवले तर उद्याच तुटतील. दाढा लावल्या तर तुम्ही घासाल. काय करू मी? माझे दात देऊ?"

आत्याने बाजारात रताळं निवडावं तसं तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"दे."

मागितलं ते मागितलं. गुरुवारी संध्याकाळपर्यंत मेलेनाइते आत्याच्या ओसरीवर बसून होती, पातीचं टोक आपल्या पटाशीच्या दातांत धरून. आत्या दोन्ही हातांनी पात चिरत होती, प्रत्येक हिसक्याला हिची मान पुढे येत होती. दोनदा तिने काही बोलायचा प्रयत्न केला.

"म्म्फ!"

"गुणी गं माझी पोर, उलट शब्द नाही," आत्या शेजारणीला म्हणाली. "नाइते, सुळ्यात नको धरूस, फाटेल. सुळे फाडायला असतात."

मेलेनाइतेचे डोळे पांढरे झाले. तोंड मिटलेलंच राहिलं. अंधार पडायच्या आत काठ पुरा झाला.

आत्याचा पहिला पुढचा दात, ती नऊ वर्षांची असताना, मेलेनाइतेच्या वडिलांनी दगड मारून पाडला होता.