डाव्या पायाचा गिअर

आधीच सांगते, ही गोष्ट कौतुकाची नाही. माझ्या भावानं माझ्या छोट्या स्कूटरला मोटरसायकलचं इंजिन बसवलं एवढं ऐकलं की लोक "काय नशीबवान बहीण!" म्हणतात आणि मी आता डोळे पुसणार म्हणून वाट बघत बसतात. मला तो दिवस आठवला की आजही कृष्णातच्या पाठीत धपाटा घालावासा वाटतो.

माझा डावा पाय मी दोन वर्षांची असताना पोलिओनं गेला. गेला म्हणजे जागेवर आहे, पण उचलून ठेवावा तिथं राहतो, आपणहून काही करत नाही. जोतिबाच्या डोंगरावर, पायऱ्यांच्या तोंडाशी, आमच्या आण्णांची, म्हणजे वडिलांची, गुलाल-खोबऱ्याची जागा. आण्णा वारल्यावर ती मी चालवायला घेतली. जागा म्हणजे चार फळ्या आणि वर ताडपत्री, दुसरं काही नाही. तिथला रिवाज असा, की जागा रोज उघडणाऱ्याची. दोन दिवस मोकळी दिसली तर तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याची गुलालाची परात तिथं सरकते, आणि एकदा सरकलेली परात मागं न्यायला कुणाचा बाप येत नाही. आमचा शेजारी हंबीरराव. आण्णा असल्यापासून त्याचा डोळा आमच्या फळ्यांवर होता.

आम्ही राहतो डोंगराखाली, केर्लीत. सुरुवातीला मी वडापच्या, म्हणजे वाटेतली माणसं कोंबून नेणाऱ्या, जीपनं वर जायची. जीप थांबली की कुणीतरी ओरडायचं, "उचला रं आक्काला!" आणि दोघं जण काखेत हात घालून मला आत टाकायचे. मला उचलून घ्यायचंय का, हे एकानंही कधी विचारलं नाही. त्यांचं मन साफ असेल, पण हात कुठं कुठं लागायचे ते माझं मला ठाऊक.

त्यातनं सुटायचं म्हणून अपंगांच्या योजनेत अर्जावर अर्ज करून मी ती स्कूटर मिळवली. साठ सीसीची, बिनगिअरची, दोन्ही ब्रेक हातात, मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना दोन जादा चाकं. पुढं पाय ठेवायला सपाट पत्रा, त्यावर डावा पाय ठेवून द्यायचा. हँडलखाली कुबडी अडकवायला हुक. पहिल्या दिवशी मी एकटी रत्नागिरी रोडनं वडणग्यापर्यंत जाऊन आले. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा कुणाला न सांगता कुठंतरी गेले होते.

पण घाट काही तिला झेपेना. मी, जादा चाकं आणि खोबऱ्याचं पोतं एवढं घेऊन दुसऱ्या वळणावर ती हटकून मरायची. मग वाटेवरचे लोक धावत यायचे. "ढकला रं, आक्का अडकली!" रोज तेच वळण, रोज तीच आरोळी. आधी उचलत होते, आता ढकलायला लागले. मला दोन्हीची चीड होती.

कृष्णात माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटा. उद्यमनगरात आकारामच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा. हात सोन्याचा, डोकं इंजिनात. कुणाच्या गाडीतलं इंजिन काढून कुणाच्या गाडीत घालायचं, हा त्याचा धंदाही आणि नादही. अठ्ठ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत मी त्याला म्हटलं, "हिला मोठं इंजिन घाल. चैत्रातल्या यात्रेच्या आत पायजे."

"आक्का, तू बगच," तो म्हणाला. "असली पळवतो की वडापवालं मागं पडतील."

गाडी गेली ती महिनाभर. तो महिना मी पुन्हा वडापच्या हवाली. यात्रा जवळ आली तशा जीपा भरून वाहू लागल्या. कुबडीवाली बाई घ्यायची म्हणजे दोन माणसांची जागा जाते, म्हणून मला बघितलं की ड्रायव्हर नजर पलीकडं फिरवायचे. आधी एक दिवस हुकला, मग सलग तीन. चौथ्या दिवशी मी कशीबशी वर पोचले तर हंबीररावाची परात माझ्या अर्ध्या फळीवर. "आता कुठं तुझ्याच्यानं हुतंय आक्का," तो गोड आवाजात म्हणाला. "यात्रेपुरती मी बगतो की." यात्रेपुरती म्हणजे कायमची, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

यात्रेला आठ दिवस राहिले तेव्हा कृष्णात गाडी घेऊन आला. येतानाच सगळी गल्ली गोळा झाली, कारण आवाजच तसा होता. शंभर सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, काळा रंग मारलेला, नवा सायलेन्सर. ब्रेक मोठे घातले होते, मागची फ्रेम वेल्डिंग करून जाड केली होती. हँडलला झेंडूची माळ. तो खाली उतरला, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "चार डाव जोतिबा चढून आलो. चौथ्या गिअरला जातीया, आक्का! आकाराम म्हटला, असलं काम उद्यमनगरात कुणी केलं न्हाई."

लोक वाकून वाकून इंजिन बघत होते. मी खाली बघितलं. माझा पाय ठेवायचा पत्रा कापलेला होता, कारण इंजिन तिथं बसवलं होतं. कुबडीचा हुक गायब. आणि डाव्या अंगाला, चकचकीत क्रोम केलेला, गिअरचा दांडा.

"कृष्णात," मी म्हटलं, "हा गिअर कशानं टाकायचा?"

"पायानं की. डाव्या पाया..."

तिथं तो थांबला. तोंडात अर्धा शब्द तसाच धरून तो माझ्या पायाकडं बघत राहिला. जन्मल्यापासून ज्या पायाशेजारी तो जेवला, झोपला, ज्या पायाला त्यानं शाळेतनं येताना सायकलवर मागं बांधून आणलं, तो पाय त्याला त्या दिवशी नव्यानं दिसत होता.

मग त्याचे डोळे भरले. "आक्का, आईशपथ, तू लंगडी हाईस हे माझ्या ध्यानातच ऱ्हात न्हाई गं."

झालं. आईनं पदर डोळ्याला लावला. शेजारची बयाबाई नाक ओढत म्हणाली, "किती माया गं भावाची! बहिणीचं व्यंगच दिसंना त्याला." सगळ्या गल्लीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या डोक्यात जाळ झाला.

"ध्यानात ऱ्हात न्हाई?" मी ओरडले. "मग ध्यानात ठिवायला काय हुतंय तुला? रोज कुबडी उचलताना मला एक डाव तरी विसरता येतंय का? महिनाभर गाडी तुझ्याजवळ. चार डाव डोंगर चढलास, दोन पायांनी. मला एकदा तरी म्हटलास, आक्का, जरा बसून बग?"

"चुकलं," तो म्हणाला. आणि मग त्यानं घोडचूक केली. "जाऊ दे. मीच सोडत जातो की तुला रोज. तू मागं बस, मी चालवतो."

म्हणजे उचलून झालं, ढकलून झालं, आता माझ्याच गाडीवर मला पोत्यासारखं मागं घालून न्यायचं. मी हँडलची माळ ओढून काढली आणि गटारात फेकली. बयाबाई "अगं अगं" करत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या मागं बसून उद्यमनगरात गेले. शेवटचीच वेळ, असं त्याला बजावून. वर्कशॉपमध्ये एक फाटकी ट्यूब पडली होती, तिची पट्टी मी आकारामकडनं कापून घेतली आणि कृष्णातला म्हटलं, "डावा पाय दुमड."

"कशाला?"

"दुमड म्हटलं ना."

गुडघ्यात वाकवून मी त्याचा पाय मांडीला ट्यूबनं करकचून बांधला आणि माझी कुबडी त्याच्या काखेत दिली. "आता गाडी नीट कर. पाय सुटायचा न्हाई. मी हितं स्टुलावर हाय."

आजूबाजूच्या लेथवरचे लोक हसायला लागले. पहिला अर्धा तास कृष्णातही हसला. मग पान्हा पलीकडच्या टेबलावर राहिला म्हणून त्याला जावं लागलं. जाताना एक हात कुबडीत, येताना पान्हा कुठल्या हातात धरायचा कळेना. एकदा घसरून तो लोखंडाच्या चुऱ्यात बसला. आकाराम उचलायला धावला तर कृष्णात खेकसला, "ऱ्हाऊ द्या वो! उठतोय की मी!" मी स्टुलावरनं ऐकत होते. हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा बोलले असेन, मोजदाद नाही.

मी काही राक्षसीण नाही. जेवताना पाय सोडला. जेवण झाल्यावर पुन्हा बांधला.

महिनाभरात जे सुचलं नव्हतं ते त्याला तीन तासांत सुचलं. तो गाडीवर जाऊन बसला, बांधलेल्या पायानिशी, आणि बराच वेळ हात-पाय हलवून बघत राहिला. मग त्यानं गिअरचा दांडा कापला आणि त्याला लांब सळई जोडून वर हँडलजवळ आणली, डाव्या हाताशी. क्लच उजव्या पायाखाली नेला. मागचा ब्रेक डाव्या हातात, पूर्वी होता तिथंच. इंजिनवर पत्र्याची पेटी करून तिच्यावर पाय ठेवायला जागा केली आणि गरम लागू नये म्हणून रबर चिकटवलं. शेवटी कुबडी हातात घेऊन तो विचार करत बसला आणि हुक जुन्या जागेपेक्षा वीतभर वर लावला. "खाली वाकलं की तोल जातोय," तो म्हणाला. बरोबर होतं. तोल मी चार वर्षं सांभाळत होते, पण मलाही हुक वर घ्यायचं सुचलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत वर्कशॉपमागच्या रस्त्यावर मी गाडी शिकले. वीस वेळा बंद पडली. वीसही वेळा मी स्वतः किक मारली, बसूनच, उजव्या पायानं. कुणाला ढकलू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तर कृष्णात दारात उभा. पाय बांधलेला. ट्यूब त्यानं स्वतःच बांधली होती. मागं पोतं घेऊन बसला.

घाटात पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर नेहमीची माणसं सवयीनं उठलीच. "ढकला रं, आक्का..." मी गिअर खाली टाकला, इंजिन गरजलं आणि गाडी त्यांच्या नाकासमोरनं वर गेली. एक जण तर पाच-दहा पावलं मागनं पळाला, काय झालं ते त्याला कळेना. मी मागं वळून बघितलं नाही. माझ्या डोळ्यांत वाऱ्यानं पाणी येत होतं आणि मी तोंडानं अखंड शिव्या घालत होते, कुणाला ते विचारू नका.

वर गाडी थांबवली. कृष्णातला उतरता येईना, बांधलेला पाय बधिर झाला होता. लगेच दोघं पुढं आले. "उचला रं ह्याला!" तो नको नको म्हणत होता, पण कोण ऐकतंय? काखेत हात घालून त्यांनी त्याला उचललं आणि दगडावर ठेवलं. एका म्हाताऱ्यानं कळवळून विचारलं, "पावणं, जन्मापासनं का?" दुसरा म्हणाला, "बहीण बिचारी ने-आण करतीया, नशीब तुझं." कृष्णात कानापर्यंत लाल झाला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी कुबडी हुकावरनं काढली आणि चालायला लागले.

माझ्या फळ्यांवर आता हंबीररावाच्या दोन पराती होत्या, एक गुलालाची, एक खोबऱ्याची.

"हंबीरराव, पराती उचला."

"अगं, तीन दिवस तुझा पत्ता न्हाई..."

"आज हाय. उद्या हाय. यात्रेत हाय. उचला."

त्यानं माझ्या डोक्यावरनं कृष्णातकडं बघितलं, पुरुष माणसाशी बोलावं म्हणून. दगडावरनं कृष्णात ओरडला, "माझ्याकडं काय बगतोस? जागा तिची हाय!"

हंबीररावानं पराती उचलल्या. सांडलेला गुलाल मी पदरानं पुसला आणि माझी परात मांडली.

ती गाडी पुढं अकरा वर्षं चालली. सरकारी कागदावर शेवटपर्यंत साठ सीसीचीच होती. तिला बघून गाडी करून मागायला माणसं येऊ लागली, हातकणंगल्याचा एक शिंपी, उचगावची एक शिक्षिका, आणखी कितीतरी. कृष्णातनं आता स्वतःचं वर्कशॉप काढलं आहे. तिथं भिंतीवर खिळ्याला ट्यूबची पट्टी लटकते. गिऱ्हाईक आलं की तो इंजिनकडं बघतसुद्धा नाही. आधी स्वतःच्या पायाला बांधायला पट्टी काढतो आणि विचारतो, "कुठला पाय?"

लोक त्याचं फार कौतुक करतात. मीही करते, चारचौघांत. पण तो प्रश्न कानावर पडला की माझ्या कपाळाची शीर आजही उडते. परगावच्या परक्या माणसालाही तो विचारतो. मला त्यानं एकदाही विचारला नव्हता.