नेल्याशिवाय जात नाही

डोरीन कुचेरा आली की नेल्याशिवाय जात नाही, असं वेदरबी गावात सगळे म्हणत. कौतुकानं म्हणत, थट्टेनंही म्हणत. म्हाताऱ्या पाद्र्यानं तर चर्चच्या जेवणात जाहीरच केलं होतं, "मला नुसती उचकी लागली तर हिला कळवू नका. स्ट्रेचरला बांधून घेऊन जाईल." सगळे हसले, डोरीनही हसली.

शाळेच्या स्वयंपाकघरात दीडशे पोरांना जेवू घालणारी ही बाई गावच्या एकुलत्या एका ॲम्ब्युलन्सचीही प्रमुख होती, आणि का न्यायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं. मेडिकेड, म्हणजे गरिबांच्या औषधपाण्याची सरकारी योजना, पेशंटला हॉस्पिटलच्या दारात उतरवलं तरच पैसे देई. घरी जाऊन शुद्धीवर आणलं, तासभर उशाशी बसलं, तर छदाम नाही. आणि वेदरबीत निम्म्याहून जास्त लोक मेडिकेडवरच होते. आधीच्या प्रमुखानं किल्ल्या देताना बजावलं होतं, "गोड बोल, पण गाडीत घाल. नाहीतर वर्षभरात गाडी विकावी लागेल." डोरीन अकरा वर्षं गोड बोलत आली होती.

मग गेल्या फेब्रुवारीतला तो मंगळवार आला. दुपारी अर्लिस नावाच्या एकट्या राहणाऱ्या बाईची रक्तातली साखर एकदम उतरली. डोरीननं ग्लुकोज दिलं. दहा मिनिटांत अर्लिस उठून बसली आणि टोस्टला पीनट बटर लावून खायला लागली.

"मी बरी आहे गं. मला कशाला नेतेस?"

"एकदा डॉक्टरांनी बघितलं म्हणजे माझ्या जिवाला घोर नाही," डोरीन म्हणाली.

अर्लिसनं नाइलाजानं कोट चढवला, मांजरीला खायला घातलं आणि स्वतःच्या पायांनी गाडीत चढली. डोरीननं कागदावर लिहिलं, प्रकृती अस्थिर, नेणं आवश्यक. असं लिहायचा तिचा हात इतका बसला होता की ती खोटं लिहितेय हे हाताच्या गावीही नव्हतं.

हॉस्पिटल चाळीस मैलांवर. अर्लिसला उतरवलं तोच गाडीतला रेडिओ वाजला. बर्नेल ओस्टरमन स्वयंपाकघरात कोसळला होता. तीस वर्षं शाळेची बस चालवलेला बर्नेल, डोरीनचा शेजारी. शेजारच्या जिल्ह्याची गाडी त्याच्या दारात पोचायला पन्नास मिनिटं लागली. तोवर सगळं आटोपलं होतं.

अर्लिस मरणाच्या दारातून परत आली, अशी बातमी गावात पसरली. ती डोरीननं पसरवली नव्हती, पण खोडलीही नाही. खुद्द अर्लिस सांगत सुटली, "डोरीन म्हणाली म्हणजे असेन मी अस्थिर." दफनानंतरच्या जेवणात बर्नेलची बायको जेनेट डोरीनपाशी आली आणि तिनं तिचा हात धरला.

"तू एका वेळी दोन ठिकाणी कशी असणार? अर्लिस तर वाचली ना."

तेव्हा बोलायला हवं होतं. डोरीनच्या तोंडात हॅम सँडविचचा घास होता आणि तो गिळेपर्यंत जेनेट पुढच्या माणसाकडे वळली होती. त्यानंतर डोरीन दर शुक्रवारी जेनेटकडे दालचिनीचे रोल पोचवू लागली. तिच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढू लागली. जेनेट दर वेळी मनापासून आभार मानायची, आणि ते आभार डोरीनला चपराकीसारखे लागायचे.

पुढच्या जानेवारीत राज्याच्या राजधानीतून फोन आला. हॉस्पिटलात न नेता घरीच उपचार केले तरी मेडिकेडनं पैसे द्यावेत, असं विधेयक आलं होतं. विधेयक मांडणाऱ्या सिनेटरचा सहायक अदबीनं म्हणाला, "समितीसमोर तीन मिनिटं बोला. आणि ओस्टरमनबाई आल्या तर फारच बरं."

जेनेट निळा कोट घालून तयारच होती. अडीच तासांच्या वाटेत तिनं आपला कागद दोनदा वाचून दाखवला. "माझा नवरा गेला, कारण गावची गाडी एका मरणाऱ्या बाईला घेऊन गेली होती." मग तिनं विचारलं, "बरं लिहिलंय ना गं?"

"छान लिहिलंय," डोरीन म्हणाली, आणि तिला स्वतःची किळस आली. मरणाऱ्या बाईला नेलं असेल तर या कायद्याची गरजच काय? त्याला उपयोगी पडणारी गोष्ट टोस्ट खाणाऱ्या बाईची होती, आणि ती एकट्या डोरीनला माहीत होती. ती सांगितली तर परवाना जाईल, कदाचित खटलाही होईल. पण तिला खरी भीती शेजारच्या सीटवरच्या निळ्या कोटाची वाटत होती.

समितीच्या दालनात टेबलावरचा हिरवा दिवा लागला, म्हणजे तीन मिनिटं सुरू झाली. डोरीननं तयार भाषण वाचायला घेतलं. मध्येच एका सिनेटरनं थांबवलं. "हॉस्पिटलात नेण्याची गरज नाही, असे पेशंट खरंच असतात का?"

याचं उत्तर तिसऱ्या पानावर, टक्क्यांसकट होतं. डोरीननं कागद पालथा घातला.

"गेल्या फेब्रुवारीत मी एका बाईला नेलं. ती टोस्ट खात होती. नको म्हणत होती. न्यायची काहीच गरज नव्हती. नेलं नसतं, तर बर्नेल ओस्टरमनच्या दारात मी चार मिनिटांत पोचले असते."

"आणि कागदावर काय लिहिलंत?"

"अस्थिर."

"इथलं बोलणं नोंदलं जातं, मिसेस कुचेरा."

"माहीत आहे."

लाल दिवा लागला, तीन मिनिटं संपली. जेनेटचं नाव पुकारलं गेलं. ती उभी राहिली, "मला काही बोलायचं नाही," म्हणाली आणि खाली बसली.

परतीची तासाभराची वाट सरली. डोरीननं मनात दहा वेळा माफी मागितली, ओठांवर एकदाही येईना.

"शुक्रवारी रोल आणत जाऊ नकोस," शेवटी जेनेट म्हणाली.

"बरं."

आणखी काही मैल गेले. जेनेट मांडीवरच्या कागदाच्या घड्या घालत होती.

"त्या दिवशी मी ॲम्ब्युलन्सला फोन दोन वाजता केला."

"हो."

"त्याच्या छातीत सकाळी आठपासून दुखत होतं."

डोरीनचा पाय ॲक्सिलरेटरवरून सुटला.

"मी तेव्हाच फोन उचलला होता," जेनेट म्हणाली. "तर म्हणाला, ठेव तो खाली. अपचन आहे. डोरीन आली की नेल्याशिवाय जायची नाही, उगाच चाळीस मैलांची वरात." तिनं कागदाची आणखी एक घडी घातली. "आठ वाजता गाडी कुठं होती गं?"

"शेडमध्ये," डोरीन म्हणाली. "रिकामी उभी होती."

जेनेटनं घड्या घातलेला कागद कोटाच्या खिशात कोंबला.

"मी कुणाला सांगितलं नाही," ती म्हणाली. "त्याच्या त्या बोलण्यावर मी हसले होते."

डोरीननं गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवली.